लेण्यातले दान आणि दारातली वर्गणी

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की दानाविषयी दोन गोष्टी हमखास छापल्या जातात. एक दात्यांची यादी आणि दुसरे त्यांचे आभार. त्या दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. परंतु दान द्यावे कसे, कोणाला द्यावे, कोणाला नाही म्हणावे आणि दिल्यानंतर विचारावे काय, हा आपल्या वस्तीतील प्रत्येक घराचा प्रश्न असूनही त्यावर कोणी लिहीत नाही.

एप्रिल महिना जवळ आला की जयंतीची वर्गणी सुरू होते. एका गल्लीत दोन मंडळे असली तर दोन पावतीपुस्तके दारात येतात. मग बुद्ध पौर्णिमा, वर्षावास, गणपती, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. मधूनच कोणाचे ऑपरेशन निघते. कुठल्याशा आश्रमाची माणसे फाइल आणि फोटो घेऊन येतात. आता तर दारात यायचीही गरज राहिलेली नाही. मोबाईलवर आजारी बाळाचा फोटो येतो आणि खाली पैसे पाठवायचा चौकोनी कोड असतो. पॉवरलूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या, गोदामात माल उचलणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या माणसाने द्यायचे तरी किती जणांना? दिले नाही तर "समाजासाठी एवढं पण नाही होत?" हे ऐकावे लागते. दिले तर मुलाच्या क्लासची फी मागे पडते.

हा प्रश्न आज निर्माण झालेला नाही. तो तथागतांच्या काळातही होता आणि त्याची उत्तरेही आपल्या इतिहासात आहेत. काही उत्तरे तर भिवंडीच्या अवतीभवती दगडावर कोरलेली आहेत.

आळवीचे लोक का पळाले?

विनयपिटकात आळवी या नगराची एक हकीकत आहे. तेथील भिक्खू स्वतःसाठी कुटी बांधू लागले. काम मोठे, मदतीला कोणी दाता नाही. मग त्यांनी मागणे सुरू केले. माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, बांबू द्या, माती द्या. रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात मागणी. शेवटी लोक इतके हैराण झाले की भिक्खू दिसला की रस्ता बदलू लागले, तोंड फिरवू लागले, दार लावून घेऊ लागले. लांबून गाय येताना दिसली तरी भिक्खूच आला असे समजून लोक पळत सुटत, असे तेथे नमूद आहे!

भगवान बुद्धांनी या प्रकरणात लोकांना दोष दिला नाही. "लोक कंजूष झाले" असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी मागणाऱ्या भिक्खूंना खडसावले आणि स्वतःसाठी बांधायच्या कुटीची लांबी-रुंदी किती असावी याचा नियमच घालून दिला. सोबत एक गोष्टही सांगितली. रानात राहणाऱ्या एका भिक्खूला पाखरांच्या किलबिलाटाचा त्रास होत होता. त्याला सांगण्यात आले की, प्रत्येक पाखराकडे एकेक पीस माग. त्याने रात्रभर तेच केले. पाखरे रान सोडून निघून गेली ती परत आली नाहीत. सारखे मागणारा कोणालाच आवडत नाही, पाखरालाही नाही, हा त्यातला बोध आहे.

भिक्खूचे भिक्षापात्र आणि दारातले पावतीपुस्तक यांत फरक आहे तो येथेच. भिक्खू दारात शांतपणे उभा राहतो. आकडा सांगत नाही. मिळाले तर घेतो, नाही मिळाले तर पुढच्या घरी जातो. मनात राग धरत नाही. शेजारच्याने किती दिले हे सांगून लाज आणत नाही. तेव्हा ज्या मागण्यात भीती किंवा लाज वापरली जाते ती वर्गणी असेल, परंतु तिला दान म्हणता येणार नाही.

आपल्या आसपासचे दाते

आपल्या तालुक्यात लोनाड येथे बौद्ध लेणे आहे. पश्चिमेला समुद्राकाठी सोपारा, खाडीपलीकडे कल्याण आणि बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी. प्राचीन काळी सोपारा आणि कल्याण ही मोठी बंदरे व व्यापारपेठा होत्या. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सापडला. या लेखात राजाने शिकारीचे दौरे सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगितले आहे. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांना धन आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून धम्मचर्चा अशी कामे होत. म्हणजे दानासाठी राजा स्वतः लोकांपर्यंत जात होता. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे निघाले. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे मानून जपलेले असावेत, असे त्यांचे मत होते. सोन्याच्या आत जपून ठेवले काय, तर मातीचे भिक्षापात्र!

कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले अनेक दानलेख आहेत. त्यांत कल्याण आणि सोपाऱ्याची नावे वारंवार येतात. दाते कोण आहेत ते पाहावे. व्यापारी आहेत, गृहपती आहेत, तसे कारागीरही आहेत. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. भिक्खुणी आहेत, उपासिका आहेत. कोणी एक बाक दिला, कोणी एक खोली, कोणी मागाठाण्याचे शेत लावून दिले. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर खांबाखांबावर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत. ते भव्य चैत्यगृह अनेकांच्या वर्गणीतून उभे राहिले आहे.

या लेखांत दानाला "देयधम" म्हटले आहे. त्यांची पद्धत एकच. कोणी दिले, कुठला राहणारा, काय दिले. लोहाराने वाट दिली तर "वाट" असेच लिहिले आहे. सोनाराच्या टाक्यातले पाणी येणारा-जाणारा पीत होता. म्हणजे दान कशात रूपांतरित झाले ते कोणालाही डोळ्यांनी पाहता येत होते.

विणकरांकडे ठेवलेले तीन हजार

आता आपल्या भिवंडीवरून जाणाऱ्या हमरस्त्याने नाशिकला जाऊ. तेथील त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खूसंघाला लेणे दिले. पण नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. पावसाळ्यात तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्खूंच्या चीवराची कायमची सोय व्हावी म्हणून त्याने ३००० कार्षापण वेगळे काढले. हे पैसे त्याने विहारात पेटीत ठेवले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्या काळच्या कारागीर संघांकडे, ते गुंतवले. एकीकडे २००० कार्षापण शेकडा एक दराने आणि दुसरीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. याला अक्षयनीवी म्हणतात. नीवी म्हणजे भांडवल, अक्षय म्हणजे कधी न संपणारे.

लेखात पुढे लिहिले आहे की, २००० च्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत. अभ्यासकांनी व्याजाचा दर दरमहाचा धरला आहे. आपणही हिशेब करून पाहू. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजे बरोबर २४०. एक कार्षापण जास्त नाही, एक कमी नाही! शेवटी हे सगळे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून फलकावर लिहून नोंदवले, असेही तो लेख सांगतो.

भिवंडी हे विणकरांचे गाव. हातमागापासून पॉवरलूमपर्यंत या गावाची भाकर सुतावर भाजली गेली. संघाच्या चीवराचा पैसा विणकरांच्या विश्वासावर ठेवला गेला, ही गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे. कष्टकरी माणूस हा केवळ मदत घेणारा नव्हे. दानाच्या ठेवीचा रखवालदारही तोच होता. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे अशाच ठेवी दिल्याचे आढळते.

त्रिरश्मी लेण्यांतच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. तिने कुंभार, पाण्याची यंत्रे चालवणारे, तेली अशा श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. कशासाठी? विहारात राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. मंडपासाठी नाही, शोभेसाठी नाही. आजाऱ्याच्या औषधासाठी, तेही वर्षानुवर्षे चालावे म्हणून. एका बाईने केवढी दूरदृष्टी दाखवली!

या दोन लेखांतून चार प्रश्न निघतात. किती दिले? कोणाच्या हाती दिले? नेमके कशासाठी दिले? आणि त्याला चारचौघांची साक्ष कोणती? आजच्या कोणत्याही पावतीपुस्तकासमोर हे चार प्रश्न ठेवून पाहावेत.

राजाचे दोन प्रश्न

कोसलचा राजा प्रसेनजित याने भगवंतांना एकदा विचारले, दान कोठे द्यावे? उत्तर मिळाले, जेथे देताना मन प्रसन्न होते तेथे. राजाने पुढे विचारले, पण दिलेले दान मोठे फळ कोठे देते? तेव्हा भगवान म्हणाले, हा प्रश्न वेगळा आहे. शीलवानाला दिलेले दान मोठे फळ देते.

संयुत्तनिकायातला हा छोटासा संवाद फार उपयोगी आहे. मन कोठे लागते हा एक प्रश्न आणि दिलेल्या पैशाचे होते काय हा दुसरा. आपण पुष्कळदा पहिल्यावरच थांबतो. फोटो बघून डोळे भरून येतात आणि बोट मोबाईलवर जाते. डोळे भरून येणे चांगलेच आहे. परंतु दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय दान पुरे होत नाही.

अंगुत्तरनिकायात माणूस कोणकोणत्या कारणांनी देतो याची यादीच दिली आहे. कोणी भीतीपोटी देतो, कोणी "त्याने मला दिले होते" म्हणून, कोणी "तो पुढे मला देईल" म्हणून, कोणी नाव व्हावे म्हणून. सर्वांत वरचे दान कोणते, तर जे दिल्याने आपलेच चित्त सुंदर होते ते. दुसऱ्या एका सुत्तात सज्जनाच्या दानाची लक्षणे सांगितली आहेत. श्रद्धेने, आदराने, योग्य वेळी, मोकळ्या मनाने आणि स्वतःला व दुसऱ्याला इजा न करता दिलेले. स्वतःला इजा न करता, हे शब्द घराघरांत पोहोचले पाहिजेत. उसने काढून वर्गणी देणे, सोसायटीचे हप्ते थकवून देणे किंवा औषध थांबवून देणे धम्माला मान्य नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपल्या कमाईचे चार भाग करावेत, एक खाण्यापिण्याला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक, असे सांगितले आहे. घर उभे राहिले तर दान उभे राहते.

योग्य वेळ कोणती, तेही सांगून ठेवले आहे. आलेल्या पाहुण्याला, प्रवासाला निघालेल्याला, आजाऱ्याला आणि दुष्काळात दिलेले दान हे काळदान होय. नव्या पिकाची पहिली फळे शीलवानांना देणे हेही त्यातच येते. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी घरांत शिरले तेव्हा, २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडून कामगार बायकामुलांसह नाशिकच्या रस्त्याने पायी निघाले तेव्हा, आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली तेव्हा, भिवंडीने काळदानाचे अर्थ पाहिले. अशा वेळी पावतीपुस्तक छापत बसायचे नसते. भाकरी द्यायची, पाणी द्यायचे. कोणत्या जातीधर्माचा म्हणून विचारायचे नाही.

बाबासाहेब आणि विसावा हिस्सा

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण हे आपल्या डोळ्यांसमोरचे सर्वांत मोठे उदाहरण होय. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी कॉलेजात शिकताना त्यांना दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ साली अमेरिकेला जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची सोय केली. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, काटकसरीने पैसे साठवून, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. ज्या ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, त्यालाही शाहू महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य केले होते.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एका विद्यार्थ्याला दिलेले दान कोट्यवधी माणसांपर्यंत पोहोचू शकते. आणि अर्ध्यावर थांबलेली मदत माणसाची वर्षे खाते. म्हणून एखाद्या मुलीला एकदाच मोठी रक्कम देऊन फोटो काढण्यापेक्षा, तिची बारावी होईपर्यंत दरमहा थोडे थोडे देणे जास्त मोलाचे आहे. उषवदाताची अक्षयनीवी हेच सांगते.

गोरगरिबांच्या मूठभर दानातून संस्था उभ्या राहतात हेही महाराष्ट्राने पाहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करून त्यांनी वसतिगृहातली मुले जगवली. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्या मुलांसाठी मोडले. संत गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. लोकांचे दान पुन्हा लोकांच्याच शिक्षणाकडे वळवले.

नागपूरला १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षेनंतरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा निदान विसावा हिस्सा या कार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले. विसावा हिस्सा म्हणजे शंभरातले पाच. आपल्या शेजारचे मुस्लिम बांधव ठरावीक मर्यादेपुढील वर्षभराच्या शिलकीवर चाळिसावा हिस्सा जकात म्हणून काढतात. दोन्हींचा आधार वेगळा, परंतु एक गोष्ट समान आहे. आकडा आधी ठरतो, मागणारा नंतर येतो. आपली चूक होते ती येथेच. मागणारा जेवढा जोरात बोलेल तेवढे आपण देतो. जो गप्प बसतो, त्याच्या वाट्याला काही येत नाही.

घरात आणि विहारात काय करता येईल?

महिन्याला १५,००० रुपये कमावणारे घर उदाहरणादाखल घेऊ. विसावा हिस्सा ७५० रुपये होतो, वर्षाचे ९,०००. ज्या घराला एवढे झेपत नाही त्याने पन्नास रुपये ठरवावेत. धम्मात आकड्यापेक्षा ठरवण्याला महत्त्व आहे. पगार झाल्यावर घरातल्या बायामाणसांनी आणि मोठ्या मुलांनी एकत्र बसावे व त्याच दिवशी ते पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत. त्याचे तीन वाटे करावेत. एक विहाराला आणि जयंतीला, दुसरा एखाद्या मुला-मुलीच्या शिक्षणाला आणि तिसरा काळदानासाठी राखीव. हा तिसरा वाटा कोणी कितीही मागितला तरी संकटाशिवाय उघडू नये.

असे ठरले की नाही म्हणणे सोपे जाते. "दादा, आमचं यंदाचं ठरलंय, त्यात एवढंच बसतं," असे हसून सांगावे. हुज्जत घालू नये, अपमान करू नये. दारात आलेली पोरे आपलीच आहेत. त्यांना पाणी द्यावे, आणि मागच्या वर्षीच्या जमाखर्चाचा कागद मागावा. कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदणी झालेल्या संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला तात्पुरत्या उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची तर कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. अनोळखी माणूस आला तर नोंदणी क्रमांक पाहावा, पावतीवर पत्ता आहे का ते पाहावे. मोबाईलवरच्या आवाहनाला पैसे पाठवण्यापूर्वी दवाखान्याला फोन करून रुग्ण खरोखर तेथे आहे का ते विचारावे. शक्य असेल तर पैसे व्यक्तीच्या हाती न देता दवाखान्याच्या बिलात भरावेत. ज्याला खरी गरज आहे त्याला अशा चौकशीचा राग येत नाही.

परंतु इतरांकडे हिशेब मागणाऱ्याने आधी आपल्या घरचा हिशेब मांडला पाहिजे. आपला विहार याच वस्तीच्या घामाच्या पैशावर उभा आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व उपासक-उपासिकांनी एक ठराव करावा. विहाराच्या दाराशी एक फलक लावावा. नाशिकच्या लेखात "फलक" हाच शब्द आलेला आहे. दर पौर्णिमेला त्यावर चार ओळी खडूने लिहाव्यात. या महिन्यात किती आले, कोणाच्या हाती आहे, कशावर खर्च झाले, शिल्लक किती. वाचता न येणाऱ्या आजीसाठी वंदनेनंतर त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात. दहा रुपये देणाऱ्याला आणि दहा हजार देणाऱ्याला विचारण्याचा हक्क सारखाच असावा. आणि जमेल तेव्हा जमेल तेवढी रक्कम बँकेत मुद्दल म्हणून ठेवावी. तिचे व्याज दरवर्षी वस्तीतल्या मुलांच्या पुस्तकांना जावे. ती आपल्या विहाराची अक्षयनीवी होईल.

कल्याणच्या लोहाराने वाट दिली, सोनाराने पाणी दिले, गोवर्धनच्या विणकरांनी ठेव सांभाळली. त्यांची दाने दोन हजार वर्षे टिकली ती रकमेमुळे नव्हे. ती कोणासाठी आणि कशासाठी होती हे त्यांनी उघड्यावर लिहून ठेवले म्हणून टिकली. आपल्याकडे डोंगर कोरायला पैसा नाही. खडू आणि फळा मात्र आहे.

जय भीम!